हनुवटीखालची दोन बोटं

अप्पा,

मागच्या मंगळवारी मी एका दातांच्या डॉक्टरच्या हातावर फटका मारला. कवळीचं माप घेत होता बिचारा. माझ्या हनुवटीखाली त्याने दोन बोटं टेकवली आणि म्हणाला, "मिंगंडी अम्मा, गिळा." तेलुगू माणूस, माझ्या मुलीच्या वयाचा, हात स्वच्छ, आवाज मऊ. माझा हात आधी उठला, भान नंतर आलं. त्याच्या हातातला मापाचा साचा फरशीवर आपटला आणि बाहेर बसलेली मुलगी धावत आत आली. "मम्मी, क्या हुआ?" तिचं मराठी असंच, निम्मं हिंदीत, आणि वाचायचं म्हटलं तर दुकानाच्या पाटीपुढे गाडी जात नाही. तिच्या वडिलांना तेवढंही येत नाही, त्यामुळे हे पत्र घरात कुठेही पडलं तरी वाचणारं कोणी नाही. तुम्हाला जाऊनही वीसच्या वर वर्षं झाली. मोकळेपणाने लिहिते. तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी मोकळं बोलायची सोय नव्हती.

जामबागच्या आपल्या घरात स्वयंपाक चाखायचा नाही, ही रीत तुमच्या आईपासून आलेली. देवाला नैवेद्य दाखवायचा तर अन्न उष्टं नको, एवढाच तिचा अर्थ. पुष्कळ घरांत होती, सणावारी मी अजून पाळते. पण तुम्ही ती रीत देवावरून उचललीत आणि स्वतःवर आणून ठेवलीत. सण असो नसो, तुमचं जेवण होईपर्यंत कशालाही कोणाची जीभ लागायची नाही. "चाखलेलं ते उष्टं, आन् उष्टं मी खात न्हाई," हे तुमचं वाक्य. तुमचं उरकेपर्यंत सगळं गार व्हायचं, आणि आई ते कट्ट्यापाशी उभ्यानेच खायची. आई मीठ वासावरून आणि उकळीवरून ओळखायची. तिचा हात बसलेला होता, वाड्यातल्या बायका लग्नाकार्यात तिला बोलवायच्या. पण भीतीपुढे बसलेला हातही चुकतो. मीठ घातलं की नाही हेच तिला आठवायचं नाही, कारण तिचं लक्ष पातेल्यात नसायचंच, जिन्यावर वाजणाऱ्या तुमच्या चपलांकडे असायचं. मग एखाद्या दिवशी आमटी आळणी, एखाद्या दिवशी दोनदा मीठ. आळणी झाली तर वाटी भिंतीवर जायची. खारट झाली तर आईवर. तिच्या मानेवर फोड आले की ती शेजारणींना फोडणी उडाली म्हणून सांगायची, आणि शेजारणी हौ हौ म्हणून ऐकून घ्यायच्या.

मी अकरा वर्षांची असताना हे काम अंगावर घेतलं. मला कोणी सांगितलं नाही. पाणी भरायच्या निमित्ताने चुलीपाशी जायचं, करंगळीचं टोक आमटीत बुडवायचं, जिभेला लावायचं. मीठ कमी असेल तर मिठाच्या बरणीचं झाकण उघडं टाकायचं, बरोबर असेल तर बंद. आई तिकडे न बघता बघायची. पहिल्यांदा तिला कळलं तेव्हा ती माझ्या दंडाला धरून म्हणाली होती, "नक्को ग बाई, त्यांना कळंल. तुला मारतेल." पण दुसऱ्या दिवशी तिने बरणी माझ्या हाताला येईल अशी खालच्या फळीवर ठेवली. वर्षभर तुमची एकही वाटी भिंतीवर गेली नाही. तुम्हाला वाटलं असेल, बाई सुधारली.

मग तो रविवार. चिंचेचं सार केलेलं, दुपारची वेळ, तुम्ही पुढच्या खोलीत, चूल दिसेल अशा दारापाशी पेपर वाचत बसलेले. आंबट जिभेला लागलं की नुसतं लागून राहत नाही, गिळावंच लागतं, गळा हलतोच. तुम्ही पेपर खाली ठेवलात. "काय चाखायलीस ग?" "काही नाही अप्पा." "इकडं ये. तोंड उघडू नको. गीळ." आणि हनुवटीखाली दोन बोटं टेकवलीत. तुम्ही कारखान्यात तपासनीस होता. यंत्राचा भाग घासून झाला की त्यावरून बोट फिरवून केसाएवढी खोट ओळखायची, हे तुमचं काम होतं आणि त्यात तुमचा हात धरणारा कोणी नव्हता. तीच बोटं माझ्या जिभेच्या बुडाशी लागली. "जीभ तोंडात काय बी सांगल," तुम्ही म्हणालात. "हितं खाली खोटं चालत न्हाई."

पुढचं मला अजून नीट सांगता येत नाही, कारण त्यात मार कुठे सुरू झाला तेच सापडत नाही. तुम्ही आईकडून दोन वाट्या मागवल्यात, एक पाण्याची, एक साराची. मला डोळे मिटायला सांगून चमच्याने पाजू लागलात. एकदा पाणी, एकदा सार, मग परत पाणी. बोटं जागची हलली नाहीत. आणि तुमचा आवाज बदलला, त्यात चक्क आनंद होता. तुम्ही आईला बोलावून तिचीही बोटं माझ्या हनुवटीखाली ठेवायला लावलीत. "बघ, हात लावून बघ. आंबटाला जीभ कशी टाळूला जाऊन धडकती. पाण्याला पडून ऱ्हाती आळशावानी. कळालं का?" शाळेतल्या कुठल्याही मास्तरने मला इतक्या प्रेमाने काही शिकवलं नव्हतं. खरं सांगते अप्पा, मला क्षणभर बरं वाटलं. तुम्ही माझ्याशी इतका वेळ कधी बोलला नव्हतात. म्हणून तुम्ही "आता मीठ" म्हणालात तेव्हा मी हसूनच तोंड उघडलं. मला वाटलं चिमूट असेल. तुम्ही मूठ कोंबलीत आणि जबडा वरून दाबून धरलात. "गीळ. आता गीळ. लई चव पाह्यजे ना तुला." आई मध्ये पडली, "अहो, लेकरू हाय ते," म्हणाली, तर तुम्ही दुसऱ्या हाताने तिला ढकललंत आणि तिचं डोकं कट्ट्याच्या कोपऱ्यावर आपटलं. मी तुमच्या हातावरच ओकले. तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ती आपल्या पदराने तुमचा हात पुसत होती. हे दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही आणि ते आठवलं की मला तुमच्याइतकाच तिचाही राग येतो.

त्यानंतर जेवायला बसायच्या आधी मला बोलवायचं आणि बोटं लावायची, हा नेम झाला. "गीळ." मी गिळायची. चव जिभेवर शिल्लक असेल तर तुम्हाला कळायचं, आणि मग त्या दिवशीचं जे असेल ते, चपराक, नाहीतर उलथन्याचा दांडा. पण मीही तुमचीच मुलगी. मी गच्चीवर जाऊन चिंच तोंडात धरायची आणि स्वतःच्या हनुवटीखाली बोटं ठेवून गिळायचा सराव करायची. जीभ उठू द्यायची नाही, रस गालाच्या कडेने मागे सोडायचा. पहिले कित्येक दिवस ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. उन्हाळा संपेपर्यंत जमलं. चिंच असो, कैरी असो, लिंबू असो, माझी जीभ मेल्यासारखी पडून राहायला शिकली. तुम्ही बोटं लावायचात आणि समाधानाने मान डोलवायचात. मी रोज चाखत होते, रोज तुमच्या हातावर तुरी देत होते. मला आयुष्यात कशाचा अभिमान असेल तर त्याचा आहे.

एक गोष्ट तुमच्या बाजूचीही लिहायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी एकांगी लिहिते. वर्षातून एकदा तुम्ही मला अफझलगंजला चिंच घ्यायला न्यायचात. दुकानदार नमुना म्हणून बोटभर तुकडा पुढे करायचा आणि तुम्ही तो मला द्यायचात. "चाख. तू सांग." आणि मी सांगेन ती चिंच घ्यायचात. घरात ज्याच्यासाठी हात उगारायचात तेच तिथे चार माणसांत मला करायला लावायचात, आणि दुकानदाराला सांगायचात, "आमच्या पोरीची जबान पक्की हाय." येताना नदीवरच्या पुलावर एकदा तुम्ही मला काचेच्या बांगड्या घेऊन दिल्यात, हिरव्या. त्या मी बरीच वर्षं सांभाळल्या. का सांभाळल्या ते मला आजही उमगत नाही.

मग सगळं बदलायला लागलं. परदेशी कोला दुकानांत परत आले, गल्लीत घरोघरी केबलची तार आली, कोठीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एसटीडीचा पिवळा फलक लागला. मी आबिड्सला एका टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायला लागले होते. मालकाने निम्मी यंत्रं काढून तिथे कॉम्प्युटर बसवले, ते मला पटकन जमलं. तुमच्या कारखान्यातही बाहेरची यंत्रं आली आणि तपासायचं काम बोटाऐवजी दिव्याच्या किरणाने व्हायला लागलं. तुम्हाला स्वेच्छानिवृत्तीचा कागद दिला. स्वेच्छा कोणाची, ते तुम्हाला कोणी विचारलं नाही. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन आपली बोटं बघत बसला होतात, आणि मला, अप्पा, तुमची दया आली होती. ती दया मला महागात पडली. पन्नाशीही गाठली नव्हती तुम्ही, अंगात ताकद, दिवसभर घरात, आणि मारायला समोर एकच माणूस. मी सकाळी आबिड्सला गेले की घरात चाखणारं कोणी नसायचं.

एका दुपारी क्लासला सुट्टी मिळाली म्हणून मी लवकर आले. आईकडून आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. तुम्ही तिचा अंबाडा मुठीत धरून तिचं तोंड पातेल्यात घातलं होतं. "पी. सगळं पी. मला पाजायलीस ना, तूच पी." ती खरोखर पीत होती. आमटी गरम होती. तिचा एक कान आणि गाल लाल होऊन सोलत आलेला, आणि ती पिते, थांबून ओकते आणि परत पिते. मी कट्ट्यावरचा खलबत्त्यातला बत्ता उचलला. तुम्ही वळून बघितलंत. घाबरला नाहीत. "मार," म्हणालात. "तुझ्यात हिंमत असंल तर मार." पितळेचा बत्ता, माझ्या हातात घट्ट बसलेला. मी मारला नाही. तो खाली ठेवला आणि आईला नळाखाली नेलं. त्या न मारलेल्या बत्त्याचं ओझं माझ्या खांद्याला पुढे कितीतरी दिवस जाणवायचं.

तीन महिन्यांनी तुम्ही न्हाणीघरात पडलात. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि गिळणं गेलं. सरकारी दवाखान्यात नाकातून नळी घातली. काही दिवसांनी एक बाई आल्या, बोलणं-गिळणं परत शिकवणाऱ्या, जाड चष्म्याच्या, डोक्यावरून दुपट्टा घेतलेल्या. आईने साधी मऊ पेज आणली होती, मिठाशिवायची, कारण कोणीतरी सांगितलं होतं की आजाऱ्याला फिकंच द्यावं. बाईंनी माझा हात धरला आणि माझी दोन बोटं तुमच्या हनुवटीखाली ठेवली. "देखो अम्मा. फीका देओ तो जबान उठतीच नै. अब देखो." त्यांनी दुसऱ्या चमच्यात लिंबाचे थेंब पिळले. तुमची जीभ माझ्या बोटांखाली हलली. दुबळी होती, पण उठली, टाळूला टेकली, आणि घास आत गेला. "देखे? खट्टे कू दौड के उठती. मुँह में मजा आया तो जबान काम कू लगती. फीका दिए तो साँस की नली में जाता, मर जाते आदमी." मग आईकडे बघून म्हणाल्या, "और पहले खुद चखना, बाद में उनकू देना. खट्टा जास्ती नै होना." आई म्हणाली, "आमच्यात चाखत नाहीत, बाई." मी म्हणाले, "मी चाखते." आणि तुमच्या डोळ्यांदेखत चमचा तोंडात घातला आणि सावकाश गिळला, जीभ पूर्ण उचलून. तुम्ही माझ्या गळ्याकडे बघत होता. तुम्हाला सगळं कळत होतं.

घरी आणल्यावर तीन आठवडे मी तुम्हाला भरवलं. आबिड्सला जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. पाठीला उशा, मान किंचित खाली, लहान चमचा, बोटं हनुवटीखाली. मला लाज वाटते सांगायला, पण मला त्या कामाची गोडी लागली. कधी कैरीचं पाणी, कधी ताकाची निवळी, कधी कोवळ्या चिगूरचं पातळ वरण, चिंचेच्या पाल्याचं. कशाला जीभ किती उठते ते मी बोटांनी ओळखायला लागले, तुम्ही यंत्राचे भाग ओळखायचात तसं. गोडाला उठायची पण सावकाश. आंबटाला लगेच. तुम्ही सुधारत होतात. मी क्लासमध्ये सगळ्यांना सांगायची, अप्पांनी आज अख्खी वाटी संपवली.

जीभ उठायला लागली तशी बोलायलाही लागली. तुमचा पहिला शब्द मी इथे लिहीत नाही. तो आईला दिलेली शिवी होती, अर्धवट, लाळेत भिजलेली, पण स्पष्ट. आई हसली. तिला वाचा आल्याचा आनंद झाला. ती वाकून म्हणाली, "काय पाह्यजे?" आणि तुम्ही डाव्या हाताने, त्या एकाच धड हाताने, तिचा अंबाडा धरलात आणि तिचं तोंड लोखंडी पलंगाच्या दांड्यावर आपटलंत. एकदा नाही, दोनदा. तिचा ओठ फाटला, समोरचा दात हलला. मी तुमची बोटं एक एक करून सोडवली. आणि मला कळलं की हे मी केलं. ही जीभ मी उठवली, चमच्या-चमच्याने, चाखून चाखून.

दुसऱ्या दिवसापासून मी तुम्हाला फिकी पेज द्यायला लागले. लिंबू नाही, मीठ नाही, काही नाही. सहा दिवस. आईला सांगितलं नाही, वाटीत बघून काय कळणार होतं. बोटांखाली तुमची जीभ परत पडून राहायला लागली. तुम्ही खोकायचात. तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तुम्ही माझ्याकडे बघायचात. तुम्हाला माहीत होतं. तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार, मला शिकवणारे तुम्हीच.

सहाव्या दिवशी संध्याकाळी घास अडकला. आई गच्चीवर कपडे काढायला गेलेली. तुमचा चेहरा आधी लाल होतो, मग काळसर. डावा हात हवेत काहीतरी धरायला बघतो आहे, माझ्या मनगटावर आपटतो आहे, नखं लागतात. मला काय करायचं ते माहीत आहे, बाईंनी शिकवलं आहे, पुढे वाकवायचं, पाठीवर थापा मारायच्या. मी बसून आहे. माझी दोन बोटं तुमच्या हनुवटीखाली आहेत आणि मी ती काढत नाही. तुमची जीभ उठायला बघते, थरथरते, खाली पडते. परत बघते. मी ते सगळं बोटांनी ऐकते आहे. मग जिन्यावर आईची पावलं, कपड्यांचा ढीग दारातच टाकून ती धावते, तुम्हाला पुढे ओढते, पाठीवर बुक्के मारते, तोंडात बोट घालून घास काढते. श्वास परत येतो, मोठा, किंचाळल्यासारखा. "हात बांधून काय बसलीस?" ती माझ्यावर ओरडते. "बाप हाय तुझा."

मग तिने वाटी उचलली आणि पेज चाखली. तुमच्या आधी तिने आपणहून काही तोंडाला लावलेलं मी जन्मात पहिल्यांदाच बघितलं. तिने गिळलं, वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तिने मला तुमच्या पलंगापाशी येऊ दिलं नाही. लिंबू पिळून, चाखून, ती स्वतः भरवायची, फाटलेल्या ओठाने. दोन वर्षं तुम्ही जगलात. जमेल तेव्हा डाव्या हाताने तिला मारत राहिलात आणि ती चव बघून भरवत राहिली. मी त्याच वर्षी लग्न केलं आणि घर सोडलं. तुम्ही गेलात ते दुसऱ्या झटक्याने, झोपेत, पोट भरलेलं असताना. आई तुमच्यामागे बरीच वर्षं जगली आणि तिने मला त्या वाटीबद्दल कधी विचारलं नाही. मी ती विचारेल म्हणून वाट बघायचे. उत्तरही तयार ठेवलं होतं, की भीतीने हातपाय गळाले होते. नवऱ्यालाही मी तेच सांगितलं आहे, आणि मंगळवारी दवाखान्यातून येताना रिक्षात मुलीलाही, ती खोदून खोदून विचारायला लागली तेव्हा.

आता हे कागद मी घडी करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आणि एखाद्या दिवशी फाडणार. तुमच्याकडे पोचवायचा काही मार्ग असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही वाचून म्हणाला असतात, बघा, शेवटी माझंच रक्त. पण एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायची होती. त्या संध्याकाळी मी घाबरले नव्हते, अप्पा. माझे हातपाय गळाले नव्हते. तुम्हाला मारावं असंही, खरंच, मनात नव्हतं. तुमचा चेहरा काळा पडत होता आणि माझ्या मनात फक्त एवढंच चाललं होतं, की आज आई बसून गरम जेवेल.